पुएब्लात नऊ दिवस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा बेत वाचला. नऊ दिवसांत मेक्सिको सिटी, पुएब्ला, ओआहाका, ग्वानाह्वातो आणि परत ह्यूस्टन. तुम्हाला आर्किटेक्चर शिकवताना मी ज्या गोष्टीसाठी सतत भांडत आले, तीच इथे पुन्हा सांगते: इमारत बघायला वेळ लागतो आणि शहर बघायला त्याहून जास्त. बाकीची शहरं काढून टाक आणि नऊच्या नऊ दिवस पुएब्लात राहा. एकटी जाते आहेस, कुणाची मर्जी सांभाळायची नाही, कुणाला कंटाळा आला म्हणून अर्धवट उठायचं नाही. नोकरी लागली की अशी सवड शोधून मिळत नाही.

आधी कागदपत्रांचं. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या साइटवर नियम एकदा पडताळून घे. परत अमेरिकेत शिरताना विद्यापीठाच्या कागदावर प्रवासासाठीची सही लागते, ती आठवणीने घे. मेक्सिको सिटीच्या विमानतळावरून पुएब्लाला थेट बस सुटतात. अंतर साधारण 130 किलोमीटर, दोन-अडीच तास, रहदारी असेल तर जास्त.

खोली जुन्या शहरातच घे, सोकालोपासून, म्हणजे मुख्य चौकापासून, चालत जाण्याच्या अंतरावर. जुन्या घरांची हॉटेलं झाली आहेत, त्यांची रचना तुला लगेच ओळखीची वाटेल: आपल्या वाड्यासारखा मध्ये चौक आणि भोवती खोल्या. खोली चौकाकडे तोंड केलेली माग. रस्त्याकडच्या खोल्यांत उजेड जास्त, पण रात्री आवाजाने झोप लागत नाही. आणि पहिला दिवस पायांना विश्रांती दे. पुएब्ला समुद्रसपाटीपासून सुमारे 2,135 मीटरवर आहे. ह्यूस्टनच्या सपाटीवरून तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी चार जिने चढलं तरी दम लागतो. भरपूर पाणी पी, पण बाटलीतलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलमधला नकाशा बंद कर आणि रस्त्यांच्या पाट्या वाचत चाल. स्पॅनिश लोकांनी हे शहर 1531 मध्ये नव्याने आखलं, सरळ काटकोनी चौकटीत, आणि आजही रस्त्यांना नावांपेक्षा आकडेच जास्त आहेत. सोकालोच्या कोपऱ्यावर दोन आस एकमेकांना छेदतात. तिथून उत्तरेकडचे आडवे रस्ते सम आकड्यांचे, दक्षिणेकडचे विषम. उभ्या रस्त्यांत पूर्वेकडचे सम, पश्चिमेकडचे विषम. त्याला नोर्ते, सूर, ओरिएंते, पोनिएन्ते म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम जोडायचं. एकदा हे डोक्यात बसलं की ‘5 ओरिएंते’ ऐकताक्षणी तू चौकापासून कुठे आहेस ते कळतं. वर्गात आपण ग्रिडवर तासन्‌तास बोललो होतो. तिथे ती पायाखाली येईल.

आता खरी गोष्ट. सांतो दोमिंगो चर्चमध्ये डाव्या हाताला रोझारिओची चॅपल आहे, 1690 मध्ये पूर्ण झालेली. भिंती, कमानी, घुमट, सगळीकडे चुन्याच्या गिलाव्याचं उठावाचं काम आणि त्यावर सोन्याचा वर्ख. पहिल्यांदा आत गेल्यावर डोळे काहीच धरत नाहीत, नुसतं सोनं दिसतं, आणि बहुतेक लोक त्याच अवस्थेत फोटो काढून बाहेर पडतात. तू बाकावर बस. अर्धा तास काहीच करू नकोस. मग वेल कुठून सुटते, कुठल्या पानाआड देवदूताचा चेहरा आहे, वाद्यं वाजवणाऱ्या आकृत्या कुठे आहेत, हे एकेक करून सुटं होऊ लागतं. नंतर नजर खाली आण. भिंतीच्या तळाशी निळ्या-पांढऱ्या टाइल्सचा पट्टा आहे. वरच्या त्या सगळ्या सोन्याला तो थंड पट्टा तोलून धरतो. तो झाकला असता तर ही खोली सहन झाली नसती, असं माझं मत आहे. घुमटाला खिडक्या आहेत, त्यामुळे ऊन सरकेल तसं काम बदलत जातं. म्हणून सकाळी एकदा जा, दुपारनंतर एकदा जा आणि तिसऱ्यांदा वही घेऊन जा. प्रार्थना चालू असेल तर मागे उभी राहा, फ्लॅश वापरू नकोस.

कॅथीड्रल तर दिसेलच, ते चुकवणं शक्य नाही. बांधकाम 1575 मध्ये सुरू झालं आणि 1649 मध्ये बिशप हुआन दे पालाफोक्स यांच्या हस्ते ते पवित्र करण्यात आलं. दोन उंच मनोरे, पण घंटा एकाच मनोऱ्यात. सर्वांत मोठी घंटा आठ टनांहून जड आहे आणि ती देवदूतांनी रात्रीतून वर चढवली अशी तिथली कथा आहे. आवाराच्या कुंपणावर ओळीने देवदूत उभे दिसतील. याच बिशपनी 1646 मध्ये आपली 5,000 पुस्तकं दिली, त्यातून पालाफोक्सियाना ग्रंथालय उभं राहिलं. आज तिथे 45,000 हून अधिक ग्रंथ आहेत. लाकडी कपाटांचे तीन मजले, मध्ये लांब दालन. पुस्तकांना हात लावता येत नाही, पण लाकडाची जोडणी बघायला परवानगी लागत नाही.

एक जागा पर्यटक सहसा चुकवतात, तू चुकवू नकोस: कासा देल देआन. कॅथीड्रलच्या डीनचं, म्हणजे तिथल्या प्रमुख पाद्र्याचं, हे घर 1580 चं. 1950 च्या दशकात सिनेमागृह बांधण्यासाठी त्याचा बहुतेक भाग पाडला, दोन खोल्या तेवढ्या वाचल्या. त्यांच्या भिंतींवर चित्रं आहेत: घोड्यावर बसून निघालेल्या भविष्यवेत्त्या स्त्रिया, सगळा विषय युरोपातला. पण भोवतीच्या पट्टीत बघ. तिथे माकडं आहेत, तिथल्या मातीतली झाडं-फुलं आहेत. ही चित्रं रंगवणारे हात स्थानिक चित्रकारांचे होते. विषय दुसऱ्याने ठरवून दिला आणि कड त्यांच्या हाती राहिली. त्या कडेत त्यांनी काय काय रंगवलं, ते जवळ जाऊन बघ.

ही गोष्ट मनात ठेवूनच पुढे शहराच्या पूर्वेला जा. 5 मे नावाचा रुंद, गाड्यांनी भरलेला बुलेव्हार्ड लागेल. त्याखाली नदी आहे. सान फ्रान्सिस्को नदी 1960 च्या दशकात बंदिस्त करून वर रस्ता केला. अलीकडे स्पॅनिश लोकांची चौकट होती, पलीकडे आनाल्को, एल आल्तो, ला लूस, शानेनेत्ला ही मूळ रहिवाशांची वस्ती. कॅथीड्रल बांधणारे, घागरी घडवणारे, विटा पाडणारे पलीकडे राहायचे. रस्ता ओलांडलास की चौकट सैल होते, गल्ल्या वळायला लागतात. ला लूसमध्ये कुंभारांची घरं आहेत. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, शिजवण्याची मोठमोठी मातीची भांडी तिथे घडतात. शानेनेत्लाच्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत. दिवसाउजेडी जा. पुएब्लाबद्दल लिहिणारे बहुतेक जण नदीच्या अलीकडेच थांबतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

टाइल्सचं वेड तुला आहेच, म्हणून तालावेराबद्दल, म्हणजे इथल्या चकचकीत लेपाच्या रंगीत भांडी-टाइल्सबद्दल, थोडं सविस्तर. काळी आणि पांढरी अशा दोन मातींचं मिश्रण, दोनदा भाजणी, मधे कथिल आणि शिशाचा लेप, त्यावर धातूंच्या रंगांनी हाताने रंगकाम. 1653 मध्येच कुंभारांच्या संघाने नियम लिहून काढले होते. 2019 मध्ये युनेस्कोने स्पेनमधल्या तालावेराबरोबर या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दुकानांत स्वस्त नकला ढीगभर मिळतात. खरी बशी हातात घेऊन निळ्या रेषेवरून बोट फिरव: रंग किंचित उठलेला लागतो. मग बशी उलटी कर. तळाशी कार्यशाळेचं नाव, कारागिराची सही आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. पांढरा रंगही ठार पांढरा नसतो, किंचित पिवळसर असतो आणि त्यावर बारीक टोचल्यासारखे ठिपके दिसतात. 4 पोनिएन्तेवर उरिआर्ते ही 1824 पासूनची कार्यशाळा आहे. तिथे काम बघता येतं. मग रस्त्यावर येऊन घरांच्या दर्शनी भिंती बघ: लाल विटा, मधेमधे टाइल, खिडक्यांभोवती पांढरं चुनकाम.

आता एका बाईची गोष्ट. ती आपल्याकडची, म्हणून तुला सांगायलाच हवी. मुघलांच्या मुलखात जन्मलेल्या, मिर्रा असं नाव नोंदलेल्या एका मुलीला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज चाच्यांनी पळवलं. कोचीन, मनिला आणि तिथून गॅलियन जहाजाने पॅसिफिक ओलांडून ती गुलाम म्हणून पुएब्लात पोहोचली. बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव कातारिना दे सान हुआन झालं. साधं, व्रतस्थ आयुष्य काढून 5 जानेवारी 1688 ला ती वारली, तेव्हा अंत्यदर्शनाला शहर लोटलं. तिच्या जेझुइट गुरूने लिहिलेलं तिचं भलंमोठं चरित्र धर्मन्यायालयाने पुढे बंदी घालून दडपलं. ‘चीना पोब्लाना’ म्हणून जो भरजरी पोशाख तिच्या नावावर दाखवतात, त्याचा तिच्याशी संबंध जोडला गेला तो फार नंतर. सोकालोजवळच्या ला कोम्पान्यीया चर्चशी तिची स्मृती जोडलेली आहे. तिथे जाऊन ये. घरापासून इतक्या दूर, स्वतःच्या इच्छेविरुद्ध आलेली ती मुलगी मला कुठल्याही बिशपपेक्षा जास्त आठवते.

जेवण. मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतं, तेव्हाच ‘कोमिदा कोर्रिदा’ म्हणजे ठरलेलं ताट स्वस्तात मिळतं. रात्री हलकं खा. बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही, तो तिथला शिष्टाचार आहे. बसून राहा, कुणी उठवणार नाही. एकटीने टेबल अडवलंय असं मनात आणू नकोस. मोले पोब्लानो जरूर खा: सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग आणि थोडं चॉकलेट. गरम मसाला वाटलेल्या घरात वाढलेल्या जिभेला त्यात बरंच काही सापडतं. तू अंडं खातेस पण मांस नाही, म्हणून जपून: मोलेत बहुधा कोंबडीचं पाणी आणि डुकराची चरबी असते, ताको आराबे तर डुकराच्या मांसाचेच. तुझ्यासाठी चीज आणि अव्होकाडो घातलेला सेमिता पाव, भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडलेली पोळी, आणि मक्याच्या कणसावरच्या काळ्या बुरशीची, वित्लाकोचेची, केसादिया. नाव ऐकून नाक मुरडू नकोस, आधी चाख. पाणी हवं तर हामाइका माग, ते आपल्या लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत. गोडासाठी 6 ओरिएंतेवरची मिठाईची गल्ली, रताळ्याचे कामोते तिथलेच.

चोलूला एका दिवसात होईल, पण तो दिवस पूर्ण दे. लांबून जी टेकडी आणि तिच्यावर पिवळं चर्च दिसतं, ती टेकडी म्हणजे पिरॅमिड आहे. पायाची एक बाजू सुमारे 400 मीटर, आणि आकारमानाने जगातला सर्वांत मोठा. 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या सैन्याने या गावात कत्तल केली. वर चढल्यावर आकाश स्वच्छ असेल तर पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी धूर सोडताना दिसेल. परतताना तोनान्त्सिंत्लाचं छोटं चर्च बघ. रोझारिओची चॅपल बघून झाल्यावरच तिथे जा, म्हणजे गावच्या हातांनी त्याच शैलीचं काय केलं ते समजेल. फ्रेंच सैन्याशी झालेल्या 5 मे 1862 च्या लढाईचे लोरेतो आणि ग्वादालूपे किल्ले संध्याकाळी तासभर पाहिले तरी पुरे.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, आम्पारो मात्र मंगळवारी. त्याच्या गच्चीवरून कॅथीड्रलचे घुमट समोर दिसतात, तिथे रेखाटनाला बस. रात्री रस्त्यात टॅक्सी थांबवू नकोस, हॉटेलमधून किंवा ॲपवरून बोलाव. पैसे बँकेच्या आतल्या यंत्रातून काढ. रोज रात्री आईला एक निरोप टाक.

तारखा पक्क्या झाल्या की कळव. ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर दुपारी पाऊस पडतो, छत्री घे. पण तेव्हाच ताजे अक्रोड आणि डाळिंबं येतात आणि चिलेस एन नोगादाचा, म्हणजे अक्रोडाच्या सॉसमधल्या भरल्या मिरच्यांचा, मोसम असतो. बिनमांसाचा कुठे मिळतो ते विचारून बघ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी डोंगर स्वच्छ दिसतो, थंडी मात्र चांगलीच पडते, जाड स्वेटर हवा.

तुझी,
मॅडम