पारा 34 वरच आहे, मग पोरांना गरगरतं कसं?

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा, मे महिन्यात त्याचा फुटबॉलचा कॅम्प आहे, सकाळी 10 ते 12. परवा टीममधल्या एका मुलाला गरगरलं, उलटी झाली, तर कोच म्हणाले सवय होईल, अजून दोन राउंड मार. पाणीपण मागून घ्यावं लागतं. मोबाइलवर 34 डिग्रीच दिसतं, मी उगाच घाबरतेय का?
— एक आई, डिचोली (गोवा)

उत्तर : नाही ताई, उगाच नाही. तो 34 चा आकडा फसवा आहे. विदर्भात 43 असतं म्हणून आपण आपल्याला सुखी समजतो, पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं, आणि आपल्याकडे हवा इतकी दमट की तो वाळतच नाही, नुसता गळत राहतो. त्यात धावताना स्नायू आतून उष्णता तयार करतात ती वेगळीच. टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या गवतावर खेळत असतील तर अजून वाईट, दुपारी एकदा हात टेकवून बघा.

कोचचं सवयीचं म्हणणं अर्धं खरंय. सवय होते, पण 10 ते 14 दिवस लागतात आणि रोज थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं, परीक्षा संपवून घरात बसलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात भर उन्हात दोन तास पळवून नाही होत. आणि गरगरणाऱ्या मुलाला अजून पळवणं ही सवय नाही, हा जीवाशी खेळ आहे.

चार-पाच पालक मिळून जा आणि आधी वेळ बदलून मागा, साडेसहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी पाचनंतर. दर 15-20 मिनिटांनी सगळ्या टीमला सावलीत पाणी, कोणी मागायची गरजच नको. फिफासुद्धा ऊन, दमटपणा सगळं धरून मोजलेलं तापमान 32 च्या वर गेलं की मॅच थांबवून पाणी प्यायला ब्रेक देते, मग आपली तर लहान मुलं. घरून निघताना मीठ घातलेली पेज, नंतर मीठ-साखरेचं कोकम सरबत, छान चालतं. ओआरएस दिलंत तर अख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं-अर्धं करू नका. ताप, जुलाब असेल त्या दिवशी ग्राउंडवर पाठवूच नका.

आता महत्त्वाचं. नुसतं गरगरलं तर सावली, जर्सी-शिनगार्ड काढायचे, पाय वर, घोट घोट पाणी, त्या दिवशी खेळ बंद. पण मुलगा बरळायला लागला, विचारलेलं कळेना, तोल जातोय, शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात असं बरेच जण धरून चालतात, खेळताना होतो त्यात पोर घामाने निथळत असू शकतं. 108 ला फोन करा आणि त्याच मिनिटाला गार करायला लागा, टबात बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, टब नसेल तर बादल्यांवर बादल्या ओता, वारा घाला. अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका, पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन थर्माकोलच्या पेटीत भरून रोज ग्राउंडवर ठेवायला काय लागतं, टब तर कोणाच्याही घरी असतो.

आणि तो परवाचा मुलगा, त्याच्या आईला आजच फोन करा, डॉक्टरने बघितल्याशिवाय त्याला परत खेळायला पाठवू नका म्हणावं.