थीओंसाठी कोलिवा, आणि चार शब्द

प्रश्न : माझे पती मेलबर्नचे ग्रीक. त्यांचे काका, आम्हा सगळ्यांचे थीओ, गेल्या महिन्यात गेले. चाळीस दिवसांच्या स्मरणविधीचा कोलिवा, म्हणजे उकडलेल्या गव्हाचा प्रसाद, करायचं काम सासूबाईंनी माझ्यावर सोपवलंय. नंतर हॉलमध्ये त्यांच्याबद्दल बोलायचंही आहे. अंजिरं पक्ष्यांनी खाऊ नयेत म्हणून थीओ एकेका फळाला नायलॉनचे जुने मोजे बांधायचे, एवढंच मला पटकन आठवतं. कसं जमवू?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : ताई, सासूबाईंनी हे काम तुमच्यावर सोपवलं, यात मोठा विश्वास आहे. आधी कोलिवा. आपल्या खिरीला गहू मऊ, मिळून आलेला लागतो. इथे नेमकं उलटं, दाणा न् दाणा सुटा हवा. मातीत पडलेला गहू पुन्हा उगवतो, या बायबलमधल्या वचनावरून हा प्रसाद आला, म्हणून दाणा अख्खा दिसायला हवा.

साठेक माणसांना 1 किलो गहू पुरतो. रात्रभर भिजवा, मग मंद आचेवर शिजवा. तासाभराने दर दहा मिनिटांनी दाणा दाबून बघा. फुलला, जेमतेम तडकला की लगेच उपसा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग सुती पंचावर पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. पंचा ओला झाला की बदला. बहुतेकांचं इथेच चुकतं. गहू ओलसर राहिला की वरची साखर पाझरून पिवळी पडते आणि उन्हाळ्यात कोलिवा दुपारपर्यंत आंबतो.

सकाळी त्यात भाजलेले बदाम नि अक्रोड पाव-पाव किलो, 300 ग्रॅम बेदाणे, 150 ग्रॅम भाजलेले तीळ, 2 चमचे दालचिनी आणि चिरलेली पार्सली घाला. दोन डाळिंबांचे दाणे पुसून, अगदी शेवटी. ताटात दाबून बसवा. वर डाळ्याच्या पिठाचा बोटभर थर द्या, तो ओल शोषतो. त्यावर अर्धा किलो पिठीसाखर चाळून बटर पेपरने गुळगुळीत करा. बदामांचा क्रूस आणि थीओंच्या नावाची आद्याक्षरं काढा. साखर घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर तिला घाम सुटतो.

पाद्रींना द्यायच्या चिठ्ठीवर बाप्तिस्म्याचं नाव लिहा. ऑस्ट्रेलियात दिमित्रिओसचा जिम होतो, कॉन्स्टँटिनोसचा कॉन. प्रार्थनेत मूळ नावच वाचतात.

आता बोलणं. पाच मिनिटं पुरे, म्हणजे साधारण 500 शब्द. सुरुवात त्या मोज्यांपासूनच करा. ‘फार प्रेमळ होते’ हे कुणाहीबद्दल म्हणता येतं, मोजे फक्त थीओंचे. नुसतं ‘ग्रीसहून आले’ म्हणू नका, गावाचं नाव सासूबाईंना विचारून घ्या. ग्रीस आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या 1952च्या स्थलांतर करारानंतर खूप ग्रीक सरकारी मदतीने ऑस्ट्रेलियात आले; अनेक जण बोनेगिला इथल्या स्थलांतरितांच्या छावणीत राहिले, 1959च्या डिसेंबरपासून बरेच ‘पात्रिस’ बोटीने आले. थीओ कसे आले ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधा. आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून बघा, कारण नोंद करताना कारकून कानावर पडेल तसं लिहीत. घरात दोन चुलतभावांचं एकच नाव असणार, कारण थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. म्हणून जन्मवर्ष ताडून घ्या.

हॉलमध्ये कॉफी, पाक्सिमादिया (कडक बिस्किटं) आणि ब्रँडी फिरत असेल. सगळ्यांच्या हाती कप आले की उभ्या राहा. घरच्यांना ‘झोई से सास’ म्हणा, म्हणजे तुम्हाला आयुष्य लाभो. उरलेला कोलिवा कागदी पुड्यांमध्ये भरून दाराशी ठेवा. जाताना प्रत्येक जण एक पुडी घेऊन जातो.