काकडा झाला की बायोडेटा घेऊन निघ

बाळा, कंपनी सुटून दोन महिने झाले आणि तू दिवसभर देवळातच दिसतोस. माळ घातलीस, चांगलं केलंस. पण अरणच्या सावतोबांना विठ्ठल मळ्यात काम करताना दिसला, खुरपं टाकून नव्हे.

माझं काम गेलं तेव्हा मी चार महिने घरी लपवलं. डबा घेऊन नुसता हिंडायचो! तू सूनबाईला खरं सांग. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत होते ना? मग अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी कर. ती अजून सुरू असली आणि तू अटींत बसलास तर ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी मदत मिळते. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला लांबूनच रामराम. हरिपाठ संध्याकाळी आहेच. सोमवारी माझ्याबरोबर चल, ओळखीच्या वर्कशॉपात फिटर हवाय.