वाचकांचे प्रश्न : युनिक्स जाणणाऱ्या उमेदवाराची परीक्षा

प्रश्न : आमच्या कार्यालयातील लिनक्स सर्व्हर सांभाळण्यासाठी सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमायचा आहे. मागील खेपेस बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत पहिला आलेला उमेदवार प्रत्यक्ष कामात चाचपडत राहिला. या वेळी परीक्षा कशी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुपर्यायी प्रश्नांतून पाठांतर तेवढे कळते, आणि युनिक्समध्ये (लिनक्स त्याच घराण्यातले) पाठांतराची किंमत बेताचीच आहे. कमांड कशी वापरायची हे सांगणारे मॅन पेज हाताशी असते. शिवाय एकाच नावाची कमांड सगळीकडे सारखी वागेल याचाही भरवसा नसतो. (लिनक्सवर ‘किलऑल’ दिलेल्या नावाच्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, बंद करते; सोलारिस या दुसऱ्या युनिक्सवर मात्र जवळजवळ सगळ्याच.)

म्हणून उमेदवारासमोर मुद्दाम बिघडवलेले एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) ठेवावे. माझ्या मते सर्वांत बोलका बिघाड डिस्क भरल्याचा. एखादा प्रोग्राम सतत लिहीत असलेली अवाढव्य लॉग फाइल (त्याच्या कामाची नोंदवही), तो प्रोग्राम चालू असतानाच, फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ कमांडने काढून टाका. आता डिस्कवरील एकूण जागेचा हिशेब देणारी ‘डीएफ’ कमांड डिस्क १०० टक्के भरल्याचे सांगेल, पण एकेका फाइलीची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज त्याच्या जवळपासही जाणार नाही. नवखा उमेदवार येथे आणखी फाइली पुसू लागतो किंवा थेट रिबूट सुचवतो; रिबूटने जागा मोकळी होते हे खरे, परंतु ती का झाली हे त्याला सांगता येत नाही. जाणकाराला ठाऊक असते की ‘आरएम’ने फाइलचे नाव गेले, पण ती उघडून बसलेली शेवटची प्रोसेस तिला सोडत नाही तोवर आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) आणि त्याचे ब्लॉक (डिस्कवरील जागेचे तुकडे) अडकूनच राहतात. तो उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ने ती प्रोसेस हुडकतो आणि सिग्नल (प्रोसेसला द्यायची सूचना) देऊन तिला लॉग नव्याने उघडायला लावता येईल का, हे पाहतो. तो सरळ प्रोसेस जबरदस्तीने बंद करणारा ‘किल -९’ मारायला निघाला, तर त्याला थांबवून परिणाम विचारा : हा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे आवराआवरीची संधीही तिला मिळत नाही, हे त्याच्याकडून आले पाहिजे.

उत्तर झटपट आले, तर पुढची पायरी द्या. ‘डीएफ’ला जागा दिसते आहे, तरी नवी फाइल बनवताना जागा नसल्याचाच संदेश येतो. लाखो चिमुकल्या फाइलींनी, दर फाइलीला एक लागणारे, आयनोड संपवले असतील, ही शंका येण्यास किती वेळ लागतो ते पाहावे.

या सगळ्यात इंटरनेट व मॅन पेज खुशाल वापरू द्यावे. काहीही बदलण्याआधी तो नुसते पाहतो का, बिघाड केव्हापासून आहे हे विचारतो का, याची नोंद ठेवावी. मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) आधीच घेतला, म्हणजे प्रत्येकाला अगदी तोच बिघाड देता येतो. आपल्याकडे हे पारखणारा कोणी नसेल, तर बाहेरच्या एखाद्या अनुभवी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला मानधन देऊन त्या दिवसापुरते बोलवावे. नेमणूक चुकली तर होणारा खर्च त्याहून पुष्कळ मोठा असतो.