पिस्तूल नॅशुआत, रेंज लोवेलला

प्रश्न : नमस्कार, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआला राहतो, ग्रीन कार्ड आहे. पॅरिसला आपल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून शूटिंगचं खूळ डोक्यात बसलंय, शेवटी यंदा ग्लॉक 17 घेतलं. दुकानात बॅकग्राउंड चेक झाला आणि पिस्तूल हातात, बाकी काही नाही. आता मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलजवळ राहणारा मित्र त्याच्या क्लबच्या रेंजवर बोलावतोय. जवळच आहे, तो म्हणतो डिकीत टाक आणि ये. खरंच चालेल का? आणि भाचा बॉस्टनला एच-वन-बी वर आहे, त्यालाही यायचंय.

उत्तर : डिकीत टाकून जाऊ नका. मित्र प्रेमाने बोलावतोय पण त्याचा सल्ला तुम्हाला कोर्टात उभं करेल.

तुमच्याकडे न्यू हॅम्पशायरमध्ये पिस्तूल बाळगायला लायसन लागत नाही, आणि 2017 पासून ते लपवून सोबत ठेवून फिरायलाही लागत नाही. मेनमध्ये तसंच, व्हरमाँटमध्ये तर पहिल्यापासून तसंच. त्यामुळे न्यू इंग्लंडच्या वरच्या तीन राज्यांत राहणाऱ्या माणसाला वाटतं की सगळीकडे असंच असेल, आणि मग तो दक्षिणेला गाडी वळवतो. मॅसॅच्युसेट्समध्ये घराबाहेर किंवा आपल्या धंद्याच्या जागेबाहेर विनालायसन पिस्तूल सापडलं तर कमीत कमी 18 महिने कैद, त्याखाली यायची जजला मुभाच नाही. आणि हद्द कुठे सुरू होते हे तुम्हाला जाणवणारही नाही. तुमच्या नॅशुआचा फेझंट लेन मॉल बघा ना, बिल्डिंगचा कोपरा मॅसॅच्युसेट्सच्या सेल्स टॅक्समध्ये येऊ नये म्हणून कापलाय, पण पार्किंगचा भाग पलीकडच्या टिंग्सबरोमध्ये जातो. म्हणजे नुसती गाडी चुकीच्या रांगेत लावली तरी राज्य बदललं.

लोक मला लगेच 1986 चा केंद्रीय कायदा सांगतात, रिकामं पिस्तूल कुलूपबंद पेटीत ठेवून कुठल्याही राज्यातून जाता येतं म्हणून. जाता येतं, पण *मधून* जाता येतं. निघता तिथे आणि पोचता तिथे, दोन्हीकडे ते पिस्तूल तुमच्याजवळ असणं कायदेशीर हवं. तुम्हाला पोचायचंयच लोवेलला, त्यामुळे हा कायदा तुमच्या कामाचा नाही.

मग लायसन काढायचं तर ते कसं. त्याला टेम्पररी लायसन टू कॅरी म्हणतात, बाहेरच्या राज्यातल्या लोकांसाठी. मॅसॅच्युसेट्सच्या रहिवाशाला त्याच्या गावचा पोलीस चीफ लायसन देतो, तुमचा अर्ज मात्र राज्याच्या फायरआर्म्स रेकॉर्ड्स ब्युरोकडे जातो, तो बॉस्टनला लागून चेल्सीला आहे. आधी मॅसॅच्युसेट्सच्या स्टेट पोलिसांनी मान्य केलेल्या इन्स्ट्रक्टरकडून सेफ्टी कोर्स करून सर्टिफिकेट घ्यायचं (नॅशुआतल्या दुकानदाराचा कुठलाही कोर्स चालेलच असं नाही, आणि 2024 च्या नव्या कायद्याने प्रत्यक्ष गोळ्या झाडण्याचा भागही आणलाय, तेव्हा पैसे भरायच्या आधी तेही विचारून घ्या), मग अर्ज, 100 डॉलर फी, पहिल्यांदा स्वतः हजर राहायचं, बोटांचे ठसे, फोटो. एवढं सगळं करून लायसन मिळतं ते 1 वर्षाचं, रहिवाशाला त्याच 100 डॉलरमध्ये 6 वर्षांचं. दरवर्षी परत फी. अन्याय आहे का, तर मला तरी वाटतो, पण तक्रार आमदाराकडे करा, रस्त्यात अडवणाऱ्या ट्रूपरकडे (राज्य पोलिसाकडे) नको.

यावर एक गैरसमज सध्या फार फिरतोय. मार्च 2025 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू हॅम्पशायरच्या दोन माणसांच्या केसेसचे निकाल दिले. पहिल्यात म्हटलं की बाहेरच्याला लायसन द्यायचं की नाही हे पोलिसांच्या मर्जीवर सोडणारा जुना नियम घटनाबाह्य होता, त्यामुळे आरोप रद्द. एवढंच वाचून लोक म्हणतात, आता लायसनची भानगड संपली. दुसऱ्या निकालात त्याच कोर्टाने म्हटलंय की 2022 मध्ये सुधारलेला नियम, ज्यात पात्र माणसाला लायसन द्यावंच लागतं, तो वैध आहे. तुम्हाला लागू आहे तो दुसरा.

आता तुमचं ग्लॉक 17. त्याच्यासोबत जे 17 गोळ्यांचं मॅगझिन येतं ते मॅसॅच्युसेट्समध्ये चालत नाही, मर्यादा 10 ची आहे, आणि तुमचं लायसन खिशात असलं तरी ती मर्यादा सुटत नाही. 10 चं मॅगझिन वेगळं घ्या आणि जुनी घरी ठेवा, रेंज बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं पण नको.

भाच्याचं प्रकरण वेगळं आणि जास्त नाजूक. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. अशा माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, राज्य कुठलंही असो, आणि रेंजवर भाड्याने घेऊन दोन मिनिटं हातात धरणंही त्यात मोडतं. नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन. ते नसेल तर भाच्याने कानाला मफ लावून मागे उभं राहायचं आणि फोटो काढायचे, तेही हातात काही न घेता. इन्स्टावर पिस्तूल धरलेला फोटो म्हणजे आपणच दिलेला पुरावा. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या पोराने ही रिस्क घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला एकदाच गंमत म्हणून जायचं असेल तर रिकाम्या हाताने जा. लायसन असलेल्या मित्राच्या समोर, त्याच्याच पिस्तुलाने शिकण्यापुरतं झाडून बघायची सोय तिथल्या कायद्यात आहे, फक्त क्लबचे पाहुण्यांचे नियम आधी विचारून ठेवा. आणि खरं सांगू का, मित्रालाच नॅशुआकडे बोलवा. त्याला तुमच्याकडे यायला वेगळं लायसन लागत नाही. दर शनिवारी त्याच्याच क्लबला जायचा बेत असेल तरच चेल्सीची अपॉइंटमेंट घ्या.