घरातल्या उपकारस्तुतीची सुरुवात

आपण कौटुंबिक प्रार्थना नव्याने सुरू करीत आहात, तेव्हा पहिले काही आठवडे एवढेच करावे: रात्री जेवायला बसताना प्रत्येकाने त्या दिवशी घरातल्याच कुणामुळे घडलेली एक नेमकी गोष्ट सांगावी आणि तिच्यासाठी देवाचे आभार मानावेत; हीच उपकारस्तुती. ‘कुटुंबासाठी आभार’ असे मोघम बोलू नये. आईने कणकण असतानाही डबा भरून दिला, धाकट्याने आजोबांचा चष्मा शोधून दिला, असे सांगावे, म्हणजे ज्याच्याविषयी बोलले जाते त्यालाही ते ऐकू येते, आणि माझ्या मते निम्मा आनंद तिथेच असतो.

नवख्यांच्या हातून बहुधा दोन चुका होतात.

१. प्रार्थना लांबते आणि मुले कंटाळतात.

२. दुःखात असलेल्या माणसावर आनंदी राहण्याची सक्ती केली जाते. ही चूक अधिक गंभीर आहे. बायबलमधल्या पत्रात फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, ‘आनंद करा’ असे लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बंदिवासात होता आणि त्याच पत्रात त्याने आपले अश्रूही लपवलेले नाहीत. अशा दिवशी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र १३ वाचावे. ते सहाच वचनांचे असून त्याची सुरुवात थेट तक्रारीने होते.

आभारांची वही ठेवणे, उपवास धरणे हे सारे नंतर पाहता येईल.