वाचक विचारतात : पळसाची फुलं, दुधाच्या पिशव्या आणि गुढीचा तांब्या

प्रश्न : आमच्याकडे पळस फुललाय. लेकीला अंड्यांच्या ट्रेपासून तशीच फुलं करायची होती. केली, पण रंग लावताच पाकळ्या मऊ पडल्या, वाळल्यावर वेड्यावाकड्या झाल्या. आणि ती पळसाची वाटतही नाहीत. – एक आई, खानापूर

उत्तर : ताई, हा ट्रे म्हणजे साच्यात दाबून वाळवलेला कागदाचा लगदा. भरपूर पाणी मिळालं की तो परत लगदा व्हायला निघतो. त्यामुळे पोस्टर कलर पातळ करू नका, सायीइतका दाट ठेवा. आधी पाकळ्यांची आतली बाजू रंगवा, ती हाताला कोरडी लागली की मगच बाहेरची. दोन्ही बाजू एकदम ओल्या झाल्या की पाकळी बसते.

आता आकार. पळसाच्या पाकळ्या पाच, पण एकसारख्या नाहीत. एक मोठी, मागे वळलेली. दोन बाजूंना दोन. आणि उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. ट्रेच्या वाटीला चहूबाजूंनी सारख्या पाकळ्या कापल्या की कुठलंही फूल होतं, पळस होत नाही. ट्रेमधले उंच सुळके उभे चिरा, त्यांची अर्धी फाक म्हणजे तयार चोच. वाट्यांच्या भिंतीतून एक पाकळी ५ सेंमीची आणि दोन ४ सेंमीच्या काढा. चारही तुकडे बुडाशी दोऱ्याने आवळा आणि त्यावर गडद तपकिरी कापडाची पट्टी गुंडाळा, कारण खऱ्या फुलाचा देठाकडचा भाग काळसर, मखमली असतो. तो नसेल तर शेंदरी रंग उठून दिसत नाही. मुलीला एक खरं फूल हातात द्या, बोट फिरवू द्या. मग पट्टी कशाला, हे सांगावं लागत नाही.

पाच-सहा फुलं वाळक्या, निष्पर्ण फांदीला दाटीने बांधा. हिरवी पानं लावायचा मोह टाळा. पळस ऐन बहरात असतो तेव्हा फांद्या बहुधा उघड्याच असतात, ती प्रसिद्ध तीन पानं मागून येतात.

अंडं फुटून डाग पडलेला ट्रे मात्र घेऊच नका. तो धुता येत नाही. बाकीच्यांना दिवसभर कडक ऊन द्या आणि काम झाल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

प्रश्न : चौथीच्या वर्गात दुधाच्या पिशव्यांची फुलं केली. फेविकॉलने चिकटवलेली सगळी दुसऱ्या दिवशी सुटली. – एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : पांढरा गोंद वाळतो तो त्यातलं पाणी कागदात मुरून आणि हवेत उडून. पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये काहीच मुरत नाही, म्हणून गोंदाची पापडी होऊन निघते. इथे गोंद सोडा, दोरा घ्या.

पिशवी तीन बाजूंनी कापून पूर्ण उघडा आणि कोमट पाण्यात साबणाने धुवा. नुसतं तोंड कापून विसळली तर कोपऱ्यात साय राहते आणि दोन दिवसांत वर्गात वास सुटतो. १५ बाय १० सेंमीचे सहा तुकडे, छपाई नसलेली बाजू वर ठेवून, एकावर एक रचा. दीड-दीड सेंमीच्या पंख्यासारख्या घड्या घाला. प्लॅस्टिक कागदासारखं घडी धरत नाही, उसळून येतं; कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवा. सकाळी मधोमध दोरा करकचून बांधा, दोन्ही टोकं गोल कापा आणि एकेक थर मधल्या गाठीकडे उचला.

पाकळ्यांच्या कडा मेणबत्तीवर वळवायला जाऊ नका. वितळलेलं प्लॅस्टिक बोटाला चिकटून राहतं, झटकून निघत नाही.

प्रश्न : नातवंडांसाठी कागदाची गुढी करतोय. घरच्या तांब्यावर खळ लावून कागदाचे थर दिले. आता तांब्या आतून निघेना, आणि कागदावर काळे ठिपके आलेत. – एक आजोबा, शहापूर, बेळगाव

उत्तर : आजोबा, पोट मोठं आणि गळा अरुंद, तो सलग निघणारच नाही. पोटाच्या सर्वांत रुंद भागावर ब्लेडने गोल चीर द्या (हे काम तुमचंच, मुलांचं नाही), दोन वाट्या अलग करा आणि सांधा कागदाच्या पट्ट्यांनी जोडा. पुढच्या वेळी पहिला थर खळीशिवाय, नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा द्या. तो भांड्याला धरत नाही.

ठिपके बुरशीचे. खालचा थर ओला असताना वरचे थर चढले की ती धरतेच. दिवसाला दोनच थर द्या, मग ऊन. असे सहा थर पुरतात. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा जुन्या वहीच्या कोऱ्या कागदाचा द्या, म्हणजे कुठे पट्टी राहिली ते पोरांनाही दिसतं. पट्ट्या कापू नका, फाडा. फाटलेली कड विरळ असते, सपाट बसते.

खळ शिजवलेलीच हवी. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं, पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत ढवळा. चमचाभर मीठ घाला, ती जरा जास्त टिकते. पूर्वी पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या कामात नको.

काठीसाठी वर्तमानपत्र आधी थोडं फाडून बघा. रकान्यांच्या दिशेने ते सरळ फाटतं, आडवं फाडलं की भरकटतं. सळई त्या सरळ फाटणाऱ्या दिशेला समांतर ठेवून गुंडाळा. उलट गुंडाळलेली नळी फुगते आणि उलगडू बघते. अशा तीन नळ्या एकत्र बांधल्या की तांब्या सहज पेलतात.

प्रश्न : कुंद्याच्या (बेळगावी मिठाईच्या) रिकाम्या खोक्यावर रंग बसत नाही. – इयत्ता सहावी, चिकोडी

उत्तर : त्यात तूप मुरलंय, बाळा. तुपाच्या डागावर पाण्याचा रंग थांबत नाही आणि खळही धरत नाही. तळ टाकून दे, झाकण वापर. झाकणावरही डाग असतील तर तिथे मेणाचे खडू घास, ते बसतात.